तक्रार न आलेली मशिनं

कंपनीची वॉशिंग मशिनं किती वर्षं टिकतात, याचा अंदाज बांधायचं काम तिच्याकडे आलं. हाताशी होत्या फक्त तक्रारी, त्याही मोजक्याच. साहेब खुशीत होते. "बाकीची सगळी चालू आहेत असं धरून टाका."

तिला ते पटेना. तक्रार नाही म्हणून मशीन धड आहे, असं कसं म्हणायचं? तिने गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. बहुतेकांनी "चालू आहे" एवढंच सांगून फोन ठेवला. मग एका आजींनी उचलला.

"ते होय? आमचे हे होते तेव्हाच बंद पडलं. नेमकं कधी, ते नाही बाई आठवत."

"मग कळवलं का नाही, आजी?"

"एकटीचे कपडे ते किती? बादलीत बुचकळते झालं. शिवाय दुरुस्तीवाला घरी येणार, म्हणजे बोलणं आलं. ती सवयच मोडली बघ. तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"मग तुला वेगळं काय सांगू?"

तिने ते मशीन बंद पडलेल्यांत धरलं. अशी आणखी निघाली, तसा अंदाज खाली आला आणि साहेबांचं तोंड उतरलं.

आजींकडे दुरुस्तीवाल्याबरोबर तीही गेली. तो काम आटोपून निघून गेला. आजींनी दोन चादरी आत टाकल्या आणि मशीन थांबेपर्यंत दोघी समोर खुर्च्या टाकून, फारसं न बोलता बसून राहिल्या.