दादांच्या कानामागची पेन्सिल

मी सुताराची पेन्सिल बोलतेय. दप्तरात राहणाऱ्या, डोक्यावर खोडरबर मिरवणाऱ्या माझ्या बहिणी वेगळ्या. मी चपटी, जाड आणि लाल. चपटी अशासाठी, की उतरत्या फळीवर ठेवली तरी घरंगळू नये. शिसंही रुंद, कारण खरबरीत लाकडावर बारीक टोक टिकत नाही. आपण रेघ मारायची आणि करवतीला वाट दाखवायची, एवढंच समजून मी या कारखान्यात आले.

माझ्या वाट्याला दादांचा उजवा कान आला. इथे सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माप घेतलं की ते मला काढायचे, रेघ मारायचे आणि परत कानामागे खोचायचे. कधी कधी मी कानामागे असतानाच कारखानाभर मला शोधायचे आणि धाकट्या भावावर ओरडायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी कळशाच्या जागी बसून पाहिलाय.

पहिलं मोठं काम एका मास्तरांच्या टेबलाचं होतं. टेबल झालं, आणि पॉलिशच्या आधी दादांनी ते उलटं करून फळीच्या खालच्या अंगाला मला टेकवलं. मला वाटलं, एखादं माप राहिलं असेल. पण रेघ सरळ जाईना. ती वळली, तिला नाक फुटलं, नाकावर चष्मा आला, आणि वहीत डोकं घालून बसलेले मास्तर समोर उभे राहिले. मी थक्क झाले. माझ्या आत माणसं आहेत, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

ही दादांची रीतच होती. वस्तू ज्या घरी जायची, त्या घरातली माणसं ते तिच्या न दिसणाऱ्या अंगावर काढायचे. खुर्चीच्या बुडाखाली डुलक्या घेणारे आजोबा, कपाटाच्या पाठीवर एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या जावा. चित्र काढायचं म्हणून दादा माणसं नीट बघायचे, आणि नीट बघितलं की कामही बदलायचं. मास्तर फार वाकून लिहितात हे चित्रासाठी बघताना लक्षात आलं, म्हणून त्यांचं टेबल दोन बोटं उंच झालं होतं.

दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे पटायचं नाही. रंग आणि पॉलिश त्यांच्याकडे.

"अहो, लोक टेबलाच्या वर जेवतात. खाली शिरून कोण बघणार आहे?"

"रांगणारं पोर बघेल की."

"रिकामटेकडे उद्योग नुसते. आणि हो, माझं कुठे काढाल तर बघा."

हौसेला मोल नसतं म्हणून त्या तेवढ्यावर सोडून द्यायच्या.

मग तो दुमजली पलंग आला. दोन लहान बहिणींसाठी, एक खाली झोपणार, एक वर. वरच्या पलंगाचा कठडा बसतो की नाही हे बघायला दादांनी तो एका बारक्या खिळ्यावर तात्पुरता टेकवला. जेवण झाल्यावर काढून, सरस लावून, स्क्रूंनी पक्का करायचा होता. तेवढ्यात त्यांचं गुणगुणणं मध्येच थांबलं. उजवा हात खाली लोंबला आणि ते लाकडाच्या भुशात बसले ते बसलेच. मी कानामागेच होते.

दवाखान्यातून दादा घरी आले ते उजवा हात आणि बोलणं गमावून. समजायचं सगळं, पण तोंडात एकच शब्द उरला होता, "पाणी". उशी हवी असली तरी पाणी, खिडकी लावायची असली तरी पाणी. सुरुवातीला वहिनी पेल्यामागून पेले आणत राहिल्या. नंतर सगळ्यांना कळलं, की त्या शब्दाला काही अर्थ नाही, तो नुसता मागे राहून गेलाय.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला दादांच्या डाव्या हातात दिलं आणि नाव लिहायला सांगितलं. पण अक्षरंही गेली होती. कागदावर जे उमटलं ते बघून दादांनी मला भिरकावलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर ते नीट जेवेनात. मी चपटी, त्यामुळे पडले तिथेच राहिले, पलंगाच्या पायाशी.

एका दुपारी धाकटा खूश होऊन आला. "दादा, पोरींचा पलंग झाला बघ. वहिनीनं रंगही दिलाय. संध्याकाळी पोचवतो."

दादा ताडकन वळले. "पाणी! पाणी!" डावा हात कारखान्याकडे, डोळे मोठे.

"पलंगाचं काही आहे का?" वहिनींनी विचारलं. दादांनी होकाराची मान हलवली. "रंग नको होता? माप चुकलं? शिडीचं काही?" प्रत्येकाला नाही, नाही, आणि शेवटी दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो बारका खिळा मला माहीत होता. माझं तोंड मात्र दुसऱ्याच्या हातात असतं.

तेव्हा वहिनींनी मला उचललं. चित्र काढायला त्यांनी मला पहिल्यांदाच हातात धरलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पलंग काढला. "हा पलंग. आता दाखवा, कुठे?"

खरं सांगते, ती म्हैस झाली होती, आणि तीसुद्धा आजारी. दादांनी बघितलं. त्यांचा अर्धा ओठ हलला. वाकडं काम त्यांना कधी सोसलंच नाही. त्यांनी वहिनींच्या हातातून मला ओढून घेतलं आणि म्हशीचे पाय नीट करायला लागले.

डाव्या हाताची रेघ कापत होती, पण कुठे जायचं ते तिला माहीत होतं. खांब उभे राहिले, शिडी आली, वर एक झोपलेली मुलगी आली. कठड्याशी दादा थांबले आणि मला इतक्या जोरात दाबलं की माझं टोक मोडलं. वहिनींनी भाजीच्या सुरीने मला तासलं. मग दादांनी एक बारका खिळा काढला, त्यावर फुली मारली, आणि शेजारी मोठे स्क्रू काढले.

वहिनी आणि धाकटा कारखान्यात धावले. धाकट्याने कठडा ओढला, आणि तो रंगासकट त्याच्या हातात आला. तो परत आला आणि दादांचे पाय धरून बसला. "दादा, मी कठडा जागेवर बघितला आणि पक्का समजलो रे."

मला अजूनही याचं नवल वाटतं. शब्द गेले, अक्षरं गेली, उजवा हात गेला. आणि जिला रिकामटेकडा उद्योग म्हणायचे, ती तेवढी चित्रकला आत कुठेतरी शाबूत होती. तिने एका मुलीला पडण्यापासून वाचवलं आणि दादांना भिंतीकडून माणसांत आणलं. हे माझ्यातून झालं, एका लाकडाच्या तुकड्यातून.

आता घरात बोलणं बरंचसं कागदावरच चालतं. भाजी, औषध, रुसवेसुद्धा. मी अंगठ्याएवढी उरलेय, कानामागून घसरते. काल वहिनींनी मला बटणांच्या डबीत ठेवलं. "हिला आता जपायचं. नवी आणू."

दादांनी डबी उघडली. पॉलिश करताना वहिनी ज्या स्टुलावर बसतात, तो उलटा करून मांडीवर घेतला, आणि वहिनींना समोर बसायची खूण केली.

"माझं? अहो, माझं काढाल तर..." म्हणता म्हणता त्या केस नीट करून बसल्या.

तुमच्याही घरात एखादी पेन्सिल, एखादी सुई, एखादी बाजाची पेटी धूळ खात पडली असेल. तिला जपू नका, झिजवा. काही कारण नसलं तरी झिजवा.

"नाक जरा नीट काढा," वहिनी म्हणाल्या.

"पाणी," दादा म्हणाले.

दोघंही हसत सुटली. त्या हसण्यात माझी रेघ हलली, वहिनींच्या गालावरून जराशी बाहेर गेली. दादांनी ती तशीच राहू दिली.