बिनमुळांची सोनेरी वेल

उर्मिलाबाईंच्या शीवच्या वाडीत सकाळपासून रीघ लागली होती. थेट गिरगावातून आलेल्या बायका नारळ घेऊन लसूणघासाच्या वाफ्याभोवती उभ्या होत्या. वाफ्यावर पिवळ्याधमक धाग्यांचं जाळं पसरलं होतं. पान नाही, जमिनीत मूळ नाही, तरी वाढतच चाललेलं.

"नुसता वारा खाऊन जगते ही. हा तुमच्या शशिकांतचा आत्मा आहे, बाई," झोळी घेऊन आलेला केसरीबाबा उर्मिलाबाईंना सांगत होता. "विळा लावाल, तर तो पुन्हा मरेल."

त्यांचा मुलगा शशिकांत छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात गेला होता. तेव्हापासून उर्मिलाबाई रडल्या नव्हत्या. बाबाच्या बोलण्याने त्यांना आनंद झाला नाही, रागही आला नाही. त्या रोज वाफ्यापाशी येऊन बसत, एवढंच. घास मरत होता. भायखळ्याच्या तबेल्याला पाठवायला पेंढी उरली नव्हती. बायका मात्र प्रसाद म्हणून धागे नेऊन घरच्या तुळशीवर घालत होत्या.

उर्मिलाबाईंची मुलगी नलू दादरच्या शाळेत शास्त्र शिकवायची. रविवारी माहेरी आली, तेव्हा तिने वाफा पाहिला.

"आई, ही अमरवेल. तण आहे हे. घासाच्या बियाण्यातून आलं असणार."

"पुस्तकात आत्मा सापडत नाही, मास्तरीणबाई," बाबा हसला.

"मग वाराच खाऊ दे तिला." नलूने दोन धागे तोडले. एक विहिरीच्या लोखंडी गजावर टाकला, दुसरा कुंडीतल्या कोवळ्या घासाला गुंडाळला. "वारा दोघींना सारखाच."

पुढच्या रविवारी गजावरचा धागा वाळून सुतळी झाला होता. कुंडीतला टवटवीत होता. नलूने तो हलकेच ओढला, तर घासाची काडीही सोबत आली. धाग्याच्या पोटाला बारीक चोची होत्या, काडीत रुतलेल्या.

"यातून रस पिते ही. स्वतःचं मूळ हवंय कशाला?"

"म्हणजे माझी तुळस हिनेच खाल्ली," प्रसाद घरी नेलेल्या बकुळाबाई म्हणाल्या.

"लोखंड अपवित्र असतं," बाबा म्हणाला.

"मग पितळेच्या ताटात ठेवा, बाबा. आम्ही बसतो इथे," नलू म्हणाली.

बाबाला एकाएकी स्नानाची वेळ आठवली. झोळी उचलून तो स्टेशनाकडे निघाला.

उर्मिलाबाईंनी विचारलं, "मग शशी?"

"तो नाही, आई. त्याला गोळी लागली."

त्यांनी मान हलवली आणि विळा मागितला.

"फुलायच्या आत घासासकट कापून जाळा," नलू बायकांना म्हणाली. "तुळशीवरचीही. आणि बियाणं चाळून घेत जा. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी तो कशावर जगतोय ते बघा. आईचं दुःख खरं आहे. पण त्याच्यावर जे जे वाढेल ते खरं नसतं."

उर्मिलाबाई वाफा कापत राहिल्या.