परक्याचा तवा

महिन्यातून एकदा मनिषा बारामतीला जायची ती म्हाळसाचं वजन करायला, असं निरवांगीच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाळसा म्हणजे तिची सव्वा वर्षाची लेक, अंगानं काडी आणि आवाजानं भोंगा. दवाखान्यातलं काम पंधरा मिनिटांचं. त्यानंतरचा तास मात्र मनिषाचा. सणसरच्या सुयोगनं बारामतीत चिनी डंपलिंगचं, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या करंज्यांचं, हॉटेल काढलं होतं. पुण्यात पाच वर्षं एका मोठ्या हॉटेलात राबून हात बसवून आलेला गडी. तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर लेकीला मांडीवर थोपटत, वाफाळत्या टोपलीतलं एकेक डंपलिंग सावकाश खायचं. बाळंतपणापासून मनिषाच्या पोटात गरम घास जायचा तो एवढाच.

श्रावणात सुयोगचा मेसेज आला : ‘नवीन चार प्रकार सुरू.’ मनिषानं लगोलग दवाखान्यात नंबर लावला. घाईत कॅलेंडर बघायचं राहिलं. तो दिवस नेमका नागपंचमीचा निघाला.

“सणाची एकटी कुठं जातीस?” सासू आक्काबाई म्हणाल्या. “वारूळ पुजून आलो की मीबी येते.”

मनिषा सासूला आत्या म्हणायची, आणि हॉटेल लपवायचं होतं ते आत्यांपासूनच. आत्यांना हॉटेलचं कळलं की पुढच्या महिन्यापासून वजनाला बिरदेव, म्हणजे तिचा नवरा, पोरीला घेऊन जाणार. तास गेलाच म्हणायचा.

त्यात आत्यांची पंचमी म्हणजे कडक. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा तर चुलीजवळही न्यायचा नाही, नागोबाला चटका बसतो. खायचं ते उकडलेलं. गेल्या वर्षी शेजारच्या धोंडाबाईनं पापड तळले, तर वास आल्याबरोबर आक्काबाईंनी कुंपणावरून तिचा असा उद्धार केला, की दोन महिने दोघींचं बोलणं बंद.

वजन झालं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. घरची पुरणाची उकडलेली दिंडं संध्याकाळी व्हायची होती. आक्काबाई रस्त्यानं एकेका हॉटेलात डोकावत निघाल्या. “वडा? तळल्याला. चपाती? तव्यावरची. उकडल्यालं काय मिळतं का न्हाय गं ह्या गावात?”

“मिळतं की,” मनिषा बोलून गेली. जीभ कधीकधी मालकिणीला विचारत नाही.

हॉटेलच्या दारातूनच तिनं सुयोगला डोळ्यांनी खुणा सुरू केल्या. ओळख दाखवू नको रे बाबा.

“या वहिनी!” सुयोग मोठ्यानं म्हणाला. “कोपरा मोकळाच हाय. डोळ्यात काय गेलं का?”

“ह्यो तुला कसा वळखतो?” आक्काबाईंनी विचारलं.

“हॉटेलवाले सगळ्यांनाच वहिनी म्हणत्यात, आत्या.”

तेवढ्यात कडेवरच्या म्हाळसानं सुयोगकडं दोन्ही हात पसरले आणि आनंदानं उसळी मारून ओरडली, “मम्म!”

आक्काबाईंनी आधी नातीकडं पाहिलं, मग सुयोगकडं. कोपऱ्यात मांडी घालून बसल्या आणि सुयोगची उलटतपासणी सुरू केली.

“कोंबडी-बिंबडी?”

“श्रावणभर बंद, आजी. लावली तरी खातंय कोण?”

“आज चिरलंस?”

“भाजी कालच चिरून ठिवलीया. आमच्या आईचीबी पंचमी हाय की.”

“मग आण.”

पहिलं आलं पालक-मक्याचं. आक्काबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. “आपल्या दिंडाचीच जात हाय. पण दुमड कुणी घातली? सैल पडलीया.” सैल दुमडीची सहाही संपली. दुसरं रताळ्याचं, तेही गेलं. तिसऱ्याच्या पोटात रस्सा होता. आक्काबाईंनी चावा घेतला आणि रश्श्याची चिळकांडी थेट मनिषाच्या चष्म्यावर.

“अगं बया! ह्याच्या पोटात रस्सा शिरला कुठनं?” असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की म्हाळसाही टाळ्या पिटायला लागली.

“चौथा प्रकार तव्यावरचा हाय,” सुयोग म्हणाला. “तो आज तुमाला चालायचा न्हाय.”

शेजारच्या टेबलावर तोच होता. तळाला खरपूस तांबूस, वर तीळ. आक्काबाई बराच वेळ तिकडं पाहत राहिल्या.

“तवा कुणाचा?”

“माझा.”

“ठिवला कुणी?”

“मीच.”

“मी म्हणलं व्हतं का, ठीव म्हणून?”

“न्हाय बा.”

“मग परक्याच्या तव्याचं मला कसं लागंल? आण.”

सहातली चार त्यांनीच खाल्ली. मनिषा पापणीही न लववता बघत होती. बोटं पुसून झाल्यावर आक्काबाई तिच्याकडं झुकल्या. “मने, घरी बोलायचं न्हाय. धोंडीच्या कानावर गेलं, तर मला कुंपणाकडं तोंड करता यायचं न्हाय.”

“न्हाय बोलत,” मनिषा म्हणाली. मग धीर करून, “पण आत्या, ते दर महिन्याचं वजन...”

“कुणाचं वजन वाढतंय ते दिसत न्हाय व्हय मला? तुझी तीन पोलकी मीच उसवली की.”

मनिषाचे कान तापले. “मग बोलला का न्हाईसा?”

“काय बोलायचं? पोरं ल्हान हुती तवा मी मेंढरामागं जाते म्हणायची आन् वढ्याच्या वगळीत एकटीच बसून भाजल्याल्या शेंगा खायची. सासू गेली, पर तिला कळलं न्हाय.”

मनिषाला हसू आवरेना. तास वाचला होता. फक्त आता तो तिच्या एकटीचा राहिला नव्हता, आणि टोपलीतला अर्धा वाटा तर उघडच गेला होता.

“पुढच्या महिन्यात आणखी दोन प्रकार काढतोय,” सुयोग टोपल्या उचलताना म्हणाला.

“बुधवार धर,” आक्काबाईंनी सुनेला सांगितलं. “मंगळवारी माझा उपास असतो.”

“अन् ह्यांना काय सांगायचं?”

“सांग, आईला डॉक्टरनी बोलावलंय.”

“कशाला म्हणून विचारलं तर?”

आक्काबाईंनी उरलेल्या दोन डंपलिंगांतलं मोठं निरखून उचललं.

“काढू की एखादं दुखणं. म्हैना पडलाय. तू ती चटणी सरकीव हिकडं.”