मागच्या चाकांची सवत

मी एक जुनी, हाताने ढकलायची व्हीलचेअर आहे. मित्रांनो, गोष्ट सांगण्याआधी एक सरळ सांगून टाकते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मी भारी मत्सरी आहे. माझ्याकडून फार गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून, जोडून, त्यांच्यावर चकचकीत मुलामा चढवला आणि मधे निळे रेक्झिन ताणून बसवले. मागे दोन मोठी चाके, पुढे दोन छोटी आणि ढकलायला दोन मुठी, एवढाच माझा डामडौल. तिथून मी थेट रोपवाल्या बाईंच्या घरी आले. बाईंची रोपवाटिका घराला लागूनच आहे. पाठीच्या आजाराने त्यांचे पाय गेले, म्हणून मला आणले होते. पहिल्यांदा माझ्यात बसल्यावर त्या म्हणाल्या, "बसायला बरी आहे हो." तेवढ्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे काढली.

मला ढकलायचे काम बाईंच्या यजमानांचे. ते शिंपी, गळ्यात सदा टेप, सगळे त्यांना टेलरकाका म्हणतात. त्यांचे मशीन पुढच्या खोलीत. बाईंना वाफ्यांकडे जायचे असले की त्या हाक मारायच्या आणि काका म्हणायचे, "एवढी शिलाई संपू दे." शिलाई संपेपर्यंत बाई माझे हात घट्ट धरून दाराकडे बघत बसायच्या. मग आम्ही निघायचो. पण माझी पुढची चाके इवलीशी, ती चिखलात रुतायची. पाण्याच्या चरापर्यंत गेलो की काका धापा टाकत मला मागे ओढायचे. चराच्या पलीकडे चढावर बाईंनी स्वतः लावलेली गुलाबांची रांग होती. पाय गेल्यापासून त्यांनी ती जवळून पाहिलीच नव्हती. तरी मी खूश होते. बाई माझ्याशिवाय कुठे जातच नव्हत्या ना!

आणि मग एके दिवशी दुकानदार टेम्पोतून दोन मोटरच्या खुर्च्या घेऊन आला. काय त्यांचा तोरा! एकीची मोटर मधल्या चाकांना. ती जागच्या जागी गर्रकन वळायची. दुसरीची मोटर मागच्या चाकांना. ती चाके जाड, खाचांची, पैलवानाच्या मांडीसारखी. मला दोघींकडे बघवेना.

काकांना पहिली आवडली. "घर लहान आहे आपलं. हीच बरी."

बाई म्हणाल्या, "आधी ट्रे आणा."

ही बाईंची जुनी रीत. नवा मदतनीस असो की नवी हातगाडी, त्या कोवळ्या रोपांचा ट्रे देऊन चरापलीकडे पाठवतात. रोपे उभीच्या उभी परत आली तर पास. आता त्या स्वतःच आधी पहिल्या खुर्चीत बसल्या आणि ट्रे मांडीवर घेतला.

मधल्या चाकांची ऐटीत निघाली आणि चरावर अडकली. पुढची छोटी चाके त्या काठावर, मागची या काठावर, आणि मोटरची चाके मधे अधांतरी, नुसतीच फिरताहेत! मला इतके हसू आले म्हणून सांगू. दुकानदाराने आणि काकांनी तिला उचलून बाहेर काढले.

मग बाई मागच्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. तिने चरात पुढची चाके उतरवली, मागून जोर लावला आणि सरळ चढ चढून गेली. वर वळायला मात्र तिला अख्खे मैदान हवे होते. वळताना तिने कडेच्या विटाही पाडल्या. पण परत आली तेव्हा ट्रेमधले एकही रोप कलंडले नव्हते आणि बाई मोठ्याने हसत होत्या. माझ्यात बसून त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

"घरात मावेल," काका म्हणाले. "दाराचं माप घेतलंय मी."

दारातून ती आली खरी. पण झोपायच्या खोलीकडे वळताना तिची पुढची पाय ठेवायची पट्टी भिंतीला टेकली आणि पाठ कपाटाला. पुढे जाईना, मागे येईना.

"अहो, माप घेतलं होतं ना?"

"दाराचं घेतलं होतं गं. वळणाचं कुठे घेतलं! कापड असतं तर उसवलं असतं, भिंत कशी उसवू?"

दुकानदार म्हणाला, "मधल्या चाकांची घ्या बाई. चर बुजवून टाका, झालं."

"चर बुजवला तर वाफ्यांना पाणी कुठून देऊ?"

 मला कळून चुकले होते. मधल्या चाकांची आली तर ती घरातही फिरणार, मग मी भंगारात. मागच्या चाकांची आली तर मी राहणार, पण बाई लांब जाणार, माझ्याशिवाय.

 बाई म्हणाल्या, "मागच्या चाकांचीच ठेवा. मला पलीकडे जायचंय. घरात काय, आपली जुनी आहेच."

'आपली' ऐकून मी सुखावले आणि 'जुनी' ऐकून पेटले.

तेव्हापासून ती सवत अंगणातल्या शेडखाली राहते. तिच्या बॅटरीची रोज विचारपूस होते. पाऊस लागू नये म्हणून काकांनी तिला जाड कापडाचे आच्छादन शिवले. माझे रेक्झिन कधीचे फाटले आहे, तिकडे कोणी पाहिले नाही. सकाळी बाई आम्हा दोघींमधे टेकवलेल्या फळीवरून माझ्यातून सरकून तिच्यात बसतात आणि जातात. मी दारात उभी. दुपारच्या दुपार जाते. माझ्या मागच्या एका चाकातली हवाही गेली आहे.

काकांचेही काही ठीक नव्हते. शिलाई मधेच थांबवून ते दारात यायचे, बाहेर बघायचे, उगाच माझ्या मुठींवर हात ठेवायचे. हाक मारणारे कोणी उरले नव्हते. एका दुपारी ते चक्क माझ्यातच बसले. इतकी वर्षे मला त्यांचे तळहातच ठाऊक होते.

"चला," ते मला म्हणाले, "आपल्या दोघांनाही सुट्टी." आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

बाई दाराशी आल्या. अंगावर माती, मांडीवर पलीकडचे गुलाब. त्यांनी काकांना माझ्यात बसलेले पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"उठा आधी! ती माझी खुर्ची आहे."

काका दचकले. "अगं, तुला नवी आहे की."

"असेल. पण हिच्यात दुसरं कोणी बसलेलं मला खपायचं नाही."

मित्रांनो, त्या आवाजात काय होते, ते माझ्याइतके कोण ओळखणार? तुमच्याही घरात माझ्यासारखे जुने काही असेल. त्याच्या चाकात हवा भरा, फाटले असेल तर टाका घाला, नवे खुशाल आणा. पण जुन्यावरून कधीतरी एकदा, अगदी मनापासून, भांडा.