दार सूतभर घासतंय

“थांबा मिस्त्री,” बाई म्हणाल्या. “मुलगी काय म्हणते इथं?”

मिस्त्रीने कागद डोळ्यांजवळ नेला, जणू अक्षर बारीक होतं म्हणून दिसलं नव्हतं. “इथं ती काही म्हणत नाही. दार आपटून जाते.”

“बाप बावीस ओळी बोलतो आणि मुलगी नुसती दार आपटते?”

“मग दारालाच भूमिका द्या की,” वर्गात मागच्या बाकावर बसणारी एक नर्स म्हणाली. “मिस्त्रींच्या हातचं असेल तर काम झकास करेल.”

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, पण त्याचे कान तापले होते.

दर रविवारी सकाळी थिएटरच्या तालमीच्या खोलीत नाटक लिहायला शिकवणारा बाईंचा हा वर्ग भरत असे. मिस्त्रीला ती खोली नवी नव्हती. इमारतीच्या मागच्या शेडमध्ये तो एकतीस वर्षं नेपथ्याचं सुतारकाम करत होता. लोकांच्या नाटकांना त्याने महालाची दारं दिली, तुरुंगाची दिली, चोरांची दिली. त्याचं दार कितीही रागाने आपटा, कापडी भिंत हलायची नाही आणि शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा म्हातारा दचकून उठायचा. एवढी दारं दिली, आता एक नाटकही द्यावं म्हणतो, असं त्याने बाईंना सांगितलं होतं. पोटातली गोष्ट निराळी होती. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली लेक कधीतरी हे नाटक बघायला येईल, अंधारात बसेल, आणि बापाचं बरोबर होतं हे तिला पटेल.

“दोन्हीकडून तुम्हीच खेळताय आणि जिंकतो मात्र बापच,” बाई कागद परत देत म्हणाल्या. “बापाला गप्प करेल असं एक तरी वाक्य तिला द्या. मग पुढच्या महिन्यात याचं वाचन ठेवू.” आणि जरा हळू आवाजात, “खरंच काय म्हणाली होती ती?”

ही घरची गोष्ट आहे हे मिस्त्रीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

चार दिवस तो कागदावर ‘मुलगी :’ एवढं लिहायचा आणि पुढे पेन्सिल अडायची. स्वतःचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. ठकी, लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा म्हणून त्यानेच पाडलेलं हे नाव, त्या दिवशी म्हणाली होती, “बाबा, मी शेडमध्ये कामाला येऊ?” आणि तो म्हणाला होता, “रंधा ओढायला मनगट लागतं, हौस पुरत नाही.” तिथून जी गाडी सुटली ती बावीस ओळींवर थांबली. मग दार वाजलं, धाडकन. मधलं काही आठवेना.

बायको मटार सोलत बसली होती.

“अगं, त्या दिवशी ठकी काय म्हणाली होती?”

कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. बोटंही थांबली नाहीत. “तिने तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. तुम्ही श्वास घ्यायला तरी थांबलात का?”

“मग तू का नाही बोललीस?”

“माझा नंबर तिच्या मागे होता.”

मिस्त्रीने एक मटार उचलला आणि परत ठेवला.

“फोन लावून तिलाच विचारा ना. मी रोज बोलते.”

“फोनवर पुन्हा माझंच तोंड चालेल.”

त्याने ते पान कोऱ्या कागदावर उतरवून काढलं. ‘मुलगी :’ पुढे चार ओळी मोकळ्या सोडल्या, शेवटी कंस तसाच ठेवला (दार धाडकन आपटून जाते), आणि खाली लिहिलं, ‘तू काय म्हणाली असतीस ते इथे लिही. शुद्धलेखनाचं बघू नकोस.’ आणखी काही सुचलं नाही. पत्ता बायकोने तोंडपाठ सांगितला.

सतराव्या दिवशी पाकीट परत आलं. उंबऱ्यातच उभं राहून त्याने ते फोडलं. चार ओळी मोकळ्याच होत्या. बापाच्या भाषणालाही तिने हात लावला नव्हता. फक्त कंसातल्या शब्दांवर आडवी रेघ होती आणि वर लिहिलं होतं: (दार हळू ओढून घेते. ते खाली घासतं.)

अक्षर जाड होतं, कडेला जरा फुटलेलं. चाकूने तासलेली चपटी पेन्सिल. सुताराची.

“काय काम करते गं ती?”

“खिडक्यांच्या चौकटी,” बायको आतून म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

मिस्त्री वळला आणि त्याने दार ढकललं. स्वतःच्या हातांनी बनवलेलं, स्वतःच बसवलेलं. सर्रर्र करत ते अर्ध्यावर आलं आणि अडलं. त्याने जोर लावला. पुन्हा उघडून आणखी जोर लावला. ते आपटेचना. फरशीवर जुना अर्धगोल ओरखडा उमटलेला होता. चार वर्षं त्याच्या कानात वाजत होतं ते दार या घराचं नव्हतंच. ते त्याने मागच्या शेडमध्ये कुठल्याशा नाटकासाठी ठोकलेलं होतं.

तो पोटावर आडवा झाला आणि त्याने फटीला डोळा लावला.

“आता हे काय?” बायको.

“सूतभर घासतंय.”

“ठकी दहावीला होती तेव्हापासून घासतंय.”

“मग सांगायचं नाही?”

“सुताराला काय सांगायचं, दार घासतंय म्हणून.”

कानामागची पेन्सिल काढून त्याने दाराच्या तळाशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली. बायकोने न सांगता रंधा आणून दिला. त्याने तो हातात घेतला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि खिडकीत ठेवून दिला.

“राहू दे. रेघ मारून ठेवलीय.”

रविवारी त्याने वर्गात नवं पान वाचलं. बावीस ओळी गेल्या होत्या.

“बाप : दार सूतभर घासतंय गं. रंधा मारायला येशील?”

तो थांबला.

“आणि मुलगी?” बाईंनी विचारलं.

“विचारलंय. पान पाठवलंय तिला.”

मागच्या बाकावरून कुणी हसलं नाही. बाईंनी वहीतली वाचनाची तारीख खोडली. नवी लिहिली नाही.

दाराच्या पायाशी ती रेघ अजून आहे. फरशी पुसताना ओल्या फडक्याने ती पुसट होते. मग मिस्त्री खाली बसतो, पट्टी लावतो आणि जिथल्या तिथे पुन्हा गडद करून ठेवतो.