एकाच नाकपुडीचे डाग

मी एक जुना दुपट्टा आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका टोकाला तपकिरी डाग आहेत. बघून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मी ते लपवणार नाही.

माझा जन्म वऱ्हाडच्या कापसातला. अकोटच्या बाजारात किसनरावांनी मला निवडलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. ते कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि मला डोक्याला गुंडाळल्याशिवाय उन्हात पाऊल टाकत नसत. "या दुपट्ट्यानं मले जित्तं ठेवलं," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो. मग त्यांचं काम सुटलं आणि मी पेटीत गेलो. तिथे डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझे कितीतरी उन्हाळे वाया गेले, आणि याचा मला आजही राग येतो.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या नातवाने, ललितने. तेल्हाऱ्याच्या शाळेत नववीत शिकणारा, एका जागी न बसणारा पोरगा. त्याच उन्हाळ्यात त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं. आमच्याकडे उन्हात घोळणा फुटला की कोणी घाबरत नाही. डोक्यावर पाणी ओतायचं, फोडलेला कांदा हुंगवायचा, की झालं. त्याचं नाक त्या बाजूने कायम चोंदलेलं असे, तिकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. एकदा रक्त काही केल्या थांबेना, तेव्हा त्याची आई, किसनरावांची सून नीलम, त्याला घेऊन अकोल्याला आणि तिथून अमरावतीला धावली. नाकाच्या पार मागच्या बाजूला रक्ताने भरलेली गाठ निघाली.

अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशन केलं आणि बजावून सांगितलं, "ही कॅन्सरची गाठ नाही. पण वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ती पुन्हा येऊ शकते. एखादा बारीक तुकडा मागे राहिला तरी पुरतो. त्रास असो नसो, सांगितलेल्या वेळी तपासणीला यायचंच."

पहिली तपासणी चांगली निघाली. घरी बुंदी वाटली गेली, आल्यागेल्याने ललितची पाठ थोपटली. पुढच्या तपासणीच्या वेळी त्याची परीक्षा होती. त्यानंतरच्या वेळी किसनराव म्हणाले, "पोरगं त घोड्यावानी धावून राहिलं. चांगल्या पोराले दवाखान्यात काहून नेता?" आणि तीही वेळ गेली.

पुन्हा एप्रिल आला. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत ललित लेझीमच्या पथकात सगळ्यांत पुढे नाचणार होता. सराव करता करता त्याच्या नाकातून रक्त टपकलं. त्याने मला नाकाशी दाबलं, कोणालाही काही सांगितलं नाही, आणि घरी येऊन गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली मला खसाखसा चोळलं. आमच्या एप्रिलमध्ये भरदुपारी टाकीचं पाणी चहाला उकळावं इतकं तापतं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो, हे त्या पठ्ठ्याला कुठून ठाऊक असणार! असं दोन-तीनदा झालं. तो चोळत राहिला आणि मी हट्टाने डाग धरून राहिलो. मला त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही.

दोरीवरून काढताना नीलमने मला पाहिलं.

"लल्या, हे काय हाय?"

"काई नाई आई. ऊन लागलं."

"ऊनच लागलं असन," खाटेवरून किसनराव म्हणाले. "कांदा हुंगव त्याले."

"मामाजी, उनाचं रक्त हरबार डाव्याच नाकातून कसं येते?" नीलमचा आवाज चढला. "मांगच्या सालीबी डावंच होतं. उद्या आपण अमरावतीले जाऊन राहिलो."

"जयंती झाल्यावर जाऊ न!" ललित रडकुंडीला आला. "मी पुढे हावो पथकात!"

"जयंती दरसाली येते. तू मले एकच हायस."

ललित रात्रभर धुसफुसला आणि सकाळच्या एसटीत बसला.

गाठ पुन्हा आली होती. पण लहान होती, डोळ्याकडे सरकली नव्हती. "मायं काय चुकलं?" ललितने विचारलं. "तुझं काही चुकलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठीची जातच तशी आहे." दुसरं ऑपरेशन झालं. मिरवणूक हुकली. तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि ते अश्रूही मीच पुसले.

तेव्हा मित्रांनो, माझं ऐका. एकाच बाजूचं नाक चोंदत असेल, त्यातूनच पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर उन्हाच्या नावाने गप्प बसू नका. घरच्यांना सांगा. आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांकडे पाठ फिरवू नका. दुखणं लपवणं म्हणजे धीटपणा नव्हे.

आज पुन्हा तपासणी आहे. आम्ही तेल्हाऱ्याच्या स्टँडवर उभे आहोत. या खेपेला किसनरावही सोबत निघालेत. एसटी लागली तसे ते हळूच म्हणाले, "लल्या, थे गाठ अजून निंघाली त?"

ललितने मला डोक्याला करकचून आवळलं.

"निंघू द्या, आबाजी," तो म्हणाला. "थे कितीकबी खेप येऊ दे, आपण तिच्याहून एक खेप जास्त जाऊ. चढा लवकर, खिडकीची जागा मायी हाय."