उतरतं छत

आमचं घर फुटबॉलच्या स्टेडियमच्या पोटात आहे. पूर्वेकडच्या गॅलरीच्या पायऱ्या चढत जातात, त्यांच्याच खाली आमची खोली. शेगडीपाशी ताठ उभं राहता येतं. तिथून पलंगाकडे जाताना छत उतरत येतं आणि माणसाला वाकवतं. गोल झाला की वर लोक नाचतात आणि खाली आमच्या ताटात चुना पडतो. मैदानाच्या गवताची निगा हे राखतात, म्हणून क्लबानं ही जागा दिली. लग्न होऊन आले त्याच दिवशी कपाळाला टेंगूळ आलं. हे म्हणाले, "होईल सवय."

म्हणून स्टेडियम नव्यानं बांधणार असं कळलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. ज्यांची खोली पाडतील त्यांना रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत घर मिळणार होतं. सरळ छताचं, खिडक्यांचं.

"गवत सोडून मी कुठं जाऊ?" ह्यांचं सुरू झालं.

"अहो, रस्ता ओलांडायचाय, समुद्र नाही."

मापं घ्यायला आर्किटेक्ट बाई आली. पोरगी गोड होती. पाय दुमडून जमिनीवर बसली आणि मला स्टेडियमची कुळकथा सांगू लागली. आधी म्हणे लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड होती, साहेबलोकांपुरती. मग गर्दी वाढली, शेड मोडून सिमेंटच्या पायऱ्या आल्या, खूप पुढे त्यांच्यावर छप्पर.

"ही बाजू पाडणार ना?" मी मुद्द्यावर आले.

"अजून ठरलं नाही, काकू. मजबूत असेल तर ठेवूही."

मजबूत? शेगडीमागचा खांब तर कधीपासून फुगलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. आत गंजून चाळण झाली असणार याची मला खात्री होती. ती पुन्हा येणार म्हणाली होती. त्याआधी मी ह्यांची खुरपी घेतली आणि खांब खरवडायला बसले. हिरवा रंग, पांढरा रंग, परत हिरवा. मग सिमेंटचा गिलावा. दर मोसमात कुणीतरी वरून थापत गेलेलं. हात भरून आले, पण जीव लावून खरवडलं. गंज दिसू दे, देवा, एवढा एक गंज दिसू दे.

गंज कसला! आतून ओतीव लोखंडाची वेल निघाली. पानं, कळ्या, सगळं जिथल्या तिथं. मेला खांब नवरीसारखा सजून उभा.

बाई आली, बघितलं आणि तिचे डोळेच भरून आले. "काकू, पहिल्या शेडचा हा एकच खांब उरलाय! सगळे भंगारात गेले असंच आम्ही धरून चाललो होतो. तुमच्यामुळे वाचला."

ती मला मिठी मारत होती आणि मला तिला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

खांबासाठी गॅलरी राहिली, गॅलरीखाली खोली राहिली, आणि खोली पाडली नाही म्हणून आम्हीही राहिलो. जुन्या बांधकामाला खिळा ठोकायचीही आता बंदी आहे. आमच्या एकुलत्या खिडकीसमोर नव्या स्टेडियमची भिंत चढली, दिवसाही दिवा लागतो. हे गवतात खूश. मी भांडले, रडले, अबोला धरला. ह्यांनी खांबाला तेलपाणी केलं.

पश्चिमेकडच्या गॅलरीखालची वायरमनची खोली मात्र पाडली. परवा त्याच्या बायकोनं नवं घर बघायला बोलावलं. दारातून आत गेले. केवढा उजेड! तिनं हौसेनं आतली खोली दाखवली, बाल्कनी दाखवली. मी सगळं बघत तिच्या मागे मागे फिरत होते.

"अहो वहिनी," ती हसत म्हणाली, "इथं कशाला वाकून चालताय?"

मी वर पाहिलं. छत कितीतरी उंच होतं. ताठ व्हायला गेले, तर पाठ सरळच होईना.